बर्लिन: पोटभाड्याच्या घराच्या पत्त्यावर नोंदणी होत नाही, मदत हवी आहे

नमस्कार,

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी नोकरीनिमित्त पुण्याहून बर्लिनला आले, नवराही बरोबर आहे. कंपनीने दिलेले हॉटेलातले दिवस संपत आले तेव्हा वेडिंग भागात दोन खोल्यांचे घर सहा महिन्यांसाठी पोटभाड्याने मिळाले. मूळ भाडेकरू पोर्तुगालला गेला आहे. त्याने किल्ल्या दिल्या, दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेतली आणि अगदी निघता निघता सांगितले, की या पत्त्यावर नोंदणी मात्र करू नका. घर मिळाल्याच्या आनंदात आम्ही मान डोलावली.

आता त्याचा अर्थ कळतो आहे. अनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद, राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा एक कागद लागतो. त्या कागदाचे नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. ते मला आता एका दमात म्हणता येते, कागद मात्र हाती नाही. नोंद नाही म्हणून कर क्रमांक नाही, आणि तो नाही म्हणून पहिल्या पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सर्वांत चढ्या दराने कर कापला जाईल, असे आमच्या कार्यालयातून कळवले आहे. शिवाय आमचा व्हिसा मे महिन्यात संपतो आणि निवास परवान्याच्या अर्जाला नोंदणीचा दाखला जोडावा लागतो.

दुसरी अडचण टपालाची. आमच्या इमारतीत घरांना क्रमांकच नाहीत. पत्र येते ते टपालपेटीवरच्या आडनावाच्या भरवशावर. आमच्या पेटीवर अजून मूळ भाडेकरूचे नाव असल्यामुळे बँकेचे कार्ड परत गेल्याचे कळले. त्या दिवशी रविवार, म्हणजे दुकाने बंद, म्हणून नवऱ्याने वहीच्या कागदावर आडनाव लिहून ते चिकटपट्टीने लावले. सोमवारी संध्याकाळपर्यंत ते कोणीतरी खरवडून काढले होते. चिकटपट्टीचा एक कोपरा तेवढा राहिला आहे.

या सगळ्यात नवऱ्याचा दिवस रिकामा जातो, कारण त्याचा भाषावर्ग एप्रिलमध्ये सुरू होणार आहे. परवा तो एस ४१ या वर्तुळाकार गाडीत बसला आणि तासाभरात २७ स्थानके पाहून निघाला तिथेच उतरला. खिडकीतून शहर दिसले, पण ओळख काही झाली नाही, असे म्हणाला. पर्यटकांच्या यादीपलीकडे, थंडीतही पायी हिंडता येईल असे आमच्या भागात काय आहे? आणि मुख्य म्हणजे, त्या कागदासाठी मूळ भाडेकरूकडे कोणत्या आधारावर आग्रह धरावा?

प्रतिसाद:

मी नऊ वर्षे बर्लिनमध्ये आहे आणि पहिल्या वर्षी याच खड्ड्यात पडलो होतो. तुमच्या बाबतीत घर देणारा म्हणजे मूळ भाडेकरूच. सही त्यानेच करायची असते, इमारतीच्या मालकाची लागत नाही. नोंदणी कायद्याप्रमाणे ही सही देणे त्याला बंधनकारक आहे आणि नकार दिल्यास १००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. तो टाळतो आहे, त्याअर्थी त्याने पोटभाड्यासाठी मालकाची परवानगी घेतलेली नसावी. तसे असेल तर तुमचा मुक्काम कच्च्या पायावर आहे, तेव्हा दुसरे घर आतापासूनच शोधायला लागा. त्याच्याकडे लेखी मागणी करा. तरीही नकार आला तर तो लगेच नोंदणी कार्यालयाला कळवणे हे कायद्याने तुमच्यावर येते. कोणी पैसे घेऊन भलत्या पत्त्याचा कागद देऊ केला तर त्या वाटेला जाऊ नका. तिथे दंडाची मर्यादा ५०,००० युरो आहे.

ब्युर्गरआम्टची, म्हणजे जिथे ही नोंदणी होते त्या नागरिक कार्यालयाची, वेळ आजच घ्या. बर्लिनच्या बाराही विभागांतले कोणतेही कार्यालय चालते. ११५ या सरकारी चौकशी क्रमांकावर फोन केला तरी वेळ मिळते. दोन आठवड्यांच्या आतली तारीख मिळाली नाही तर वेळ मागितल्याचा पुरावा जपून ठेवा. जादा कापलेला कर नंतर परत मिळतो, त्याची फार चिंता नको. पेटीवर मूळ नाव तसेच ठेवून त्याखाली तुम्हा दोघांची आडनावे छापील अक्षरांत लावा आणि हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्याला, आधी सांगा. हाताने लिहिलेली चिठ्ठी बहुधा त्यानेच काढली असणार.

हिंडण्यासाठी बेर्नाउअर श्ट्रासे हा रस्ता तुमच्या भागाला लागूनच आहे. शहराची फाळणी झालेली असताना तिथल्या एका बाजूची घरे पूर्वेत आणि त्यांच्या दारासमोरचा पदपथ पश्चिमेच्या वेडिंगमध्ये होता. १३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाल्यावर लोकांनी खिडक्यांतून पश्चिमेत उड्या टाकल्या. मग त्या खिडक्या विटांनी बुजवण्यात आल्या. आता तिथे साधारण दीड किलोमीटर लांबीचे खुले स्मारक आहे, प्रवेशाला पैसे नाहीत. थोडे ऊन पडले की टेम्पेलहोफला जा. २००८ मध्ये बंद झालेल्या त्या विमानतळाच्या धावपट्टीवर आता लोक सायकली चालवतात. वारा मात्र कानाला झोंबतो, टोपी विसरू नका.

धागाकर्ती:

मनापासून आभार. मूळ भाडेकरूला आताच लेखी मागणी पाठवली आहे आणि ब्युर्गरआम्टची १९ तारखेची वेळ मिळाली आहे. नवरा पेटीसाठी छापील पट्टी करून घ्यायला गेला आहे. एकच शंका उरते: मूळ भाडेकरूने सही केलेला कागद पोर्तुगालहून स्कॅन करून पाठवला तर कार्यालयात तेवढा पुरतो, की सहीची मूळ प्रतच न्यावी लागते?