तुळशीचे शेंडे वेळेवर खुडा
ताई, तुळस नुसती उंच गेलीय, खाली काड्याच राहिल्यात आणि कात्री लावायला हात धजत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझंही अगदी तसंच झालं. सासूबाईंनी लावलेली तुळस, ती कशी कापायची? मंजिऱ्याही तशाच ठेवल्या. खिडकीच्या गजातून उजेडाकडे वाकत ती दोन-अडीच फूट गेली. खोड लाकडासारखं राखाडी, पानं फक्त टोकाला, नखाएवढी. शेवटी घाबरून एकदम खालून छाटली, तर त्या खोडाला एकही डोळा, म्हणजे कोंब, फुटला नाही. महिन्याभरात वाळली. फार लागलं मनाला.

शेंड्यातलं ऑक्सिन, म्हणजे झाडाचं वाढीचं संप्रेरक, बाजूचे डोळे दाबून ठेवतं. पानांच्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडला की तिथून दोन फांद्या फुटतात. मंजिरी कोवळी असतानाच काढा, नाहीतर झाडाची ताकद बियांत जाते. तुमच्या तुळशीला खाली थोडी जरी पानं असतील तर त्यांच्या वरच छाटा, एका वेळी फार नको. त्याआधी चार-चार इंचांचे दोन-तीन शेंडे पाण्यात ठेवा, मुळं धरतात. मी तेवढं केलं असतं तर सासूबाईंची तुळस आज कुंडीत असती.