लोअर आर्मचे बुश काढण्या-बसवण्यासाठी घरगुती पुलर: रॉड आणि स्लीव्हबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या हॅचबॅकच्या पुढच्या दोन्ही लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) रबरी बुश (आर्मच्या सांध्यातले, स्टीलच्या कवचात बसवलेले रबर) फाटले आहेत. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते आणि खड्ड्यातून जाताना खालून ठकठक आवाज येतो. बॉल जॉइंटमध्ये (आर्मच्या चाकाकडच्या सांध्यात) प्ले, म्हणजे ढिलाई नाही, म्हणून अख्खा आर्म न बदलता फक्त बुश बदलायचे ठरवले आहे. मागच्या वेळी एका गॅरेजमध्ये आर्मला खालून नीट आधार न देता प्रेसचा दाब दिला गेला आणि आर्मचा पत्रा बुशच्या तोंडाशी चेपला. यंदा हे काम मी स्वतःच करणार आहे.

पुलरची, म्हणजे बुश ओढून काढण्या-बसवण्याच्या साधनाची, रचना साधी आहे. बुशच्या मधल्या भोकातून आटेदार रॉड घालायचा. एका बाजूला बुशपेक्षा किंचित लहान व्यासाची चकती, दुसऱ्या बाजूला बुश आत सामावेल एवढ्या रुंद पाइपचा तुकडा (स्लीव्ह) ठेवायचा आणि नट आवळत बुश ओढून घ्यायचा. दाब बुशच्या बाहेरच्या स्टीलच्या कवचावरच पडावा, मधल्या नळीवर किंवा रबरावर नको, एवढे पथ्य मी पाळणार आहे. चकती आणि पाइप कोल्हापुरात उद्यमनगरातल्या लेथवर करून मिळतील.

अडचण रॉडची आहे. भोक १२ मिमीच्या बोल्टचे असल्याने एम१२ (१२ मिमी व्यासाच्या आट्यांचा) पेक्षा जाड रॉड जात नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा रॉड बहुधा ४.६ किंवा ४.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे स्टीलच्या ताकदीची श्रेणी) असतो, ४.६ ग्रेडचा एम१२ रॉड सुमारे १.९ टन ओढ सहन करतो, तर ८.८ ग्रेडचा जवळपास ५ टन. गंजून धरलेला जुना बुश काढताना साधा रॉड ताणला जाईल, अशी मला भीती वाटते. जुन्या बुशचे रबर ड्रिलने पोखरून मधली नळी काढली, तर एम१६ रॉड आरपार जाईल आणि एम१२ फक्त नवा बुश बसवण्यापुरता लागेल. असे कोणी केले आहे का? की रबर काढल्यावर हॅक्सॉने कवचाला आतून चीर देणे अधिक सोपे पडते? पाते आर्मच्या घराला (बुश बसतो त्या भोकाच्या भिंतीला) लागून तिथे ओरखडा उठू नये, ही माझी मुख्य चिंता आहे.

नटाखाली ५१२०१ क्रमांकाचे थ्रस्ट बेअरिंग (दाबाखालीही नट सहज फिरू देणारे बेअरिंग) घालण्याचा विचार आहे. एवढ्या भाराखाली ते टिकेल, की कडक वॉशर आणि मॉलिब्डेनमचे ग्रीस पुरेसे होईल? पाइपची भिंत किती जाड ठेवावी, हेही जाणकारांनी सांगावे.

मागच्या उभ्या बुशच्या रबरात पोकळ्या आहेत आणि त्यांची दिशा ठरलेली असते. जुना बुश काढण्याआधी आर्मवर पंचने खूण करून ठेवणार आहे. तरीही नट आवळताना बुश हळूहळू फिरू नये यासाठी काय करावे? आर्म गाडीला जोडल्यावर बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच पूर्ण घट्ट करायचे, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते, हे मला माहीत आहे.

कॉइल स्प्रिंग दाबण्याचे साधन मात्र मी घरी बनवणार नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव जाऊ शकतो, त्यामुळे कृपया त्याचे घरगुती उपाय इथे सुचवू नयेत. ज्यांनी असा पुलर प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांनी रॉडची ग्रेड, पाइपची जाडी आणि शक्य असल्यास छायाचित्र द्यावे. लेथवर काम टाकण्यापूर्वी मापे पक्की करायची आहेत.