पुस्तिका बघून जोडलेलं ते ‘केलेलं’ नव्हे?

खोकेवाला (पणजी):
काल ‘माटोळी’ यांनी इथल्या चर्चेत लिहिलं, “चाळिशीतले बाप्ये प्लास्टिकचे बॅटमॅन जमवतात आणि कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांच्या लाखेच्या खेळण्यांना कुणी विचारत नाही. पुस्तिका बघून लेगोचे ठोकळे जोडण्यात कसली आलीय कला?” रात्रभर डोक्यात भुणभुण, म्हणून वेगळा धागा.

मी बेचाळीसचा. २०२३ साली आलेला लेगोचा ॲव्हेंजर्स टॉवर, म्हणजे सुपरहिरोंची इमारत, माझ्या हॉलमध्ये उभा आहे. ५,२०१ तुकडे, ३१ माणसं, उंची ९० सेंटिमीटर. मला एकोणीस रात्री लागल्या. एक बाय दोनची पातळ पट्टी चुकीच्या जागी बसली की नख मोडतं. ती काढायला नारिंगी उचकणी मिळते, पण ती नेमकी सोफ्याखाली गेलेली असते, मग दात लावायचे. हे सगळं मी लहानपणी केलं नाही, कारण तेव्हा आमच्याकडे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली एक पत्र्याची गाडी होती, बस्स. आणि पुस्तिका बघून केलं म्हणून कला नाही, तर नोटेशन समोर ठेवून पेटी वाजवणाऱ्याला काय म्हणाल?

माटोळी:
पेटीवाला दोनदा तेच वाजवत नाही. तुमचा टॉवर आणि कोपनहेगनमधल्या कुणाचा टॉवर, फरक दाखवा! माझं आजोळ कुंकळ्ळीकडचं. चितारी फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतो, घासून तापलं की लाख वितळून चढते. कांडी किती दाबायची हे कुठल्या पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

डिचोलीकर:
कला-बिला ऱ्हावूं दे, पैशांचं बोला. अमेरिकेत तो टॉवर आला तेव्हा ५०० डॉलरना. आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. म्हणजे तुम्ही खेळणी नाही, कस्टमच्या पावत्या जमवताय. मी लेगोची नक्कल घेतो. ठोकळ्याचं पेटंट १९५८ चं, त्याची मुदत संपून जमाना झाला.

खोकेवाला:
ठोकळा करायला कुणाची ना नाही. पण पुस्तिका, खोक्यावरचं चित्र आणि आख्खा बॅटमॅन उचलायचा ही चोरीच. शिवाय पकड बघा. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो. तुमच्या नकलेचे हात मे महिन्यात गळतात.

डिचोलीकर:
गळला, कबूल. माझ्या लेकाच्या हल्कचा उजवा हात. त्यानं तो पायाच्या जागी लावला आणि खूश आहे. तुमच्या मुलाला तुमच्या टॉवरला बोट लावू देता का?

खोकेवाला:
तो विषय वेगळा.

सत्तरीचो:
पावसात माझ्या खोक्यांना बुरशी धरते. कुणी काय करता?

वाड्यावरचो:
पात्रांव, सगळेच चुकताय. हातानं करणं बघायचं तर दिवाळीच्या आदल्या रात्री आमच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, या. बांबूचा सांगाडा, सुकं गवत, वर कागदाचे थर. पुस्तिका नाही, नकाशा नाही. महिनाभर जागून नरकासुराचा पुतळा उभा करतो आणि पहाटे जाळतो. शोकेसमध्ये ठेवून धूळ झटकत बसत नाही.

फोंड्याची सून:
आणि रात्रभर डीजे कोण लावतं? सासूबाई ऐंशीच्या. मागच्या दिवाळीला कपाटातले पेले किणकिणत होते, त्या माउली कानात कापूस घालून देवघरात बसून होत्या. आणि हातानं करण्याच्या गप्पा मारू नका. मुखवटा बाजारातून आणता. तोंडच विकतचं! मग त्या पुस्तिकेवाल्याला हसता कशाला?

वाड्यावरचो:
आमचा मुखवटा आम्हीच करतो. गेल्या वर्षी तेवढा आणला, पोरांच्या परीक्षा होत्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वाडा कळायचा नाही.

फोंड्याची सून:
फ्लॅट? तुळशीवृंदावनासकट घर आहे माझं. तुमच्या राखेतली तार माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकात शिरली, ऐन दिवाळीच्या सकाळी. फराळाचे डबे घेऊन अर्धा तास रस्त्यात उभी होते. पंक्चरचे पैसे कोण देणार, श्रीकृष्ण?

वाड्यावरचो:
वर्षातून एक रात्र. तीही सोसवत नाही म्हणजे कमाल झाली. राख आम्ही झाडतो.

फोंड्याची सून:
झाडता! पुढच्या पावसापर्यंत तिथंच असते.

माटोळी:
धागा ठोकळ्यांचा होता.

वाड्यावरचो:
ठोकळ्यांवर बोलण्यासारखं आहे काय?

सत्तरीचो:
बुरशी.

खोकेवाला:
डिचोलीकरांनी विचारलंच आहे तर सांगतो, हसू नका. चवथीला मखरासाठी टॉवर हॉलमधून हलवावा लागला. बायको म्हणाली, “देव मोठा की आयर्नमॅन?” यावर काय बोलणार. आतल्या खोलीत नेताना उंबऱ्याला अडखळलो आणि वरचा मजला सुटून खाली. मी डोकं धरून बसलो. लेकानं पुस्तिका न बघता बसवला. आता तोंड उलट्या दिशेला आहे, थॉर कठड्यावरून डोकं खाली करून लटकतोय आणि सात तुकडे उरलेत. तसाच आणून पुन्हा हॉलमध्ये ठेवलाय. रोज म्हणतो रविवारी सरळ करीन.

डिचोलीकर:
म्हणजे तुमच्या घरात एक जण तरी खेळतो. अभिनंदन.

माटोळी:
असा टॉवर कोपनहेगनमध्ये नसेल, एवढं मान्य. एवढंच. लाखेचा मुद्दा मी सोडलेला नाही.

सत्तरीचो:
अहो, खोक्यांना बुरशी धरते. पुस्तिका आत चिकटल्यात, स्टिकरचे कोपरे उचललेत. तिसऱ्यांदा विचारतोय.

माटोळी:
खोकी फेकून द्या.

खोकेवाला:
फेकून?? थांबा, यावर वेगळा धागा काढतो.