ऑरेंज अलर्ट असूनही ऊन पडले, तर त्या इशाऱ्याचा अर्थ नेमका कसा लावावा?

इंदिरानगरवासी

मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो आणि आमच्या सोसायटीचा सचिव आहे. पावसाळ्यात हवामानाचे इशारे आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले आहे. गेल्या जुलैमध्ये जिल्ह्याला सलग दोन दिवस ऑरेंज अलर्ट होता, म्हणून मी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम थांबवले आणि कारागिरांना परत पाठवले. दोन्ही दिवस आमच्याकडे लख्ख ऊन पडले. तिसऱ्या दिवशी इशारा पिवळ्यावर उतरला आणि त्याच संध्याकाळी तास-दीड तासात असा पाऊस कोसळला की तळघरातील पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचले, पाण्याची मोटर जळाली आणि दोन दुचाकी पाण्यात राहिल्या. तेव्हापासून मी काहीही पाठवले की सभासद हसण्याच्या चिन्हाने उत्तर देतात. माझा प्रश्न असा की हे रंग पावसाचे प्रमाण सांगतात की आणखी काही? आणि एका सोसायटीने अशा इशाऱ्यांतून नेमके काय घ्यावे?

साडेआठची_नोंद

माझ्या नोकरीतील बरीच वर्षे घाटमाथ्याकडच्या तालुक्यात पर्जन्यमापकाच्या नोंदी घेण्यात गेली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम रंगांविषयी. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे प्रत्यक्ष कृती करा. रंग ठरवताना घटना घडण्याची शक्यता किती आणि घडल्यास तिचा परिणाम किती, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. म्हणून रंग ही मुख्यतः तुमच्या तयारीची पायरी आहे. किती मिलिमीटर पडेल याचे ते मोजमाप नव्हे. मोजमाप हवे असेल तर रंगाखाली लिहिलेला मजकूर वाचावा लागतो, आणि फॉरवर्ड करताना नेमका तोच गळतो.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या भाषेत ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी, ‘अति मुसळधार’ म्हणजे ११५.६ ते २०४.४ मिमी, आणि त्यावरचा पाऊस ‘अत्यंत मुसळधार’. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने मापकातील पाणी मोजपात्रात ओतताना आमची जी तारांबळ उडे, तिच्यामुळे ही वेळ माझ्या डोक्यात कायमची बसली आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशोबाने हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ६५ मिमी पाऊस पडला तर सुमारे सहा हजार लिटर पाणी जमते. हे पाणी दिवसभरात हळूहळू आले तर पाइपातून निघून जाते, पण तासाभरात आले तर तळघर भरते. तुमच्याकडे त्या संध्याकाळी कदाचित ४० मिमीच पडला असेल. विभागाच्या वर्गवारीत तो ‘मुसळधार’ ठरणारही नाही, पण तुमच्या मोटरला त्या वर्गवारीशी देणेघेणे नाही.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. आपला जिल्हा १५ तालुक्यांचा आणि सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा येथे सह्याद्री ढग अडवतो, तर सिन्नर, येवला आणि नांदगाव त्याच्या पर्जन्यछायेत येतात. इशाऱ्यात ‘तुरळक ठिकाणी’ असे लिहिलेले असेल तर जिल्ह्यातील फार तर चतुर्थांश केंद्रांवर तसा पाऊस अपेक्षित असतो. उरलेल्या तीन चतुर्थांश भागात ऊन पडले तरी तो इशारा खोटा ठरत नाही. अलीकडे नाशिकच्या घाटक्षेत्रासाठी वेगळा इशारा दिला जातो, तो याच कारणाने. त्या दोन दिवसांत इगतपुरीला किती पाऊस झाला हे आपण पाहिले होते का? माझा अंदाज आहे की आपले ऊन आणि तिकडचा पाऊस एकाच वेळी चालू असावेत.

पटांगणाशेजारी

वरील प्रतिसादात शेवटी जे आले आहे, त्यावरच आम्हा गोदाकाठच्या दुकानदारांचे सगळे गणित चालते. सराफ बाजारापासून जवळच आमचे वडिलोपार्जित दुकान आहे. आमच्या डोक्यावर ढग आहेत की नाहीत, याला पुराच्या दृष्टीने फारसा अर्थ नसतो. पाऊस त्र्यंबकच्या डोंगरांत आणि गंगापूर धरणाच्या पाणलोटात पडतो, धरण भरत आले की विसर्ग सुरू होतो आणि ते पाणी रामकुंडावर येते तेव्हा पंचवटीत कित्येकदा रस्तेही कोरडे असतात. म्हणून घाटक्षेत्राला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिसला की आम्ही नाशिकचा पाऊस पाहत बसत नाही. धरणाचा साठा किती टक्के आहे आणि विसर्ग किती क्युसेक आहे, हे पाहतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. यावरून काही हजार क्युसेकचा आकडा वाचल्यावर पोटात गोळा का येतो, हे लक्षात येईल.

मोजमाप म्हणून आमच्याकडे दुतोंड्या मारुती, म्हणजे रामकुंडाजवळ गोदापात्रात उभी असलेली मारुतीची मूर्ती, आहेच. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला आले की खालच्या फळीवरचा माल वर घ्यायचा, कमरेला आले की वह्या आणि किमती वस्तू घरी न्यायच्या, आणि छातीच्या वर चढू लागले की शटर ओढून निघायचे, असा वडिलांच्या काळापासूनचा क्रम आहे. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही पुरांत मूर्तीकडे पाहूनच हललो. २००८ मध्ये मात्र कमरेपासून छातीपर्यंत पाणी इतक्या झपाट्याने चढले की मधल्या पायरीला वेळच उरला नाही. त्या वर्षापासून आम्ही गुडघ्यालाच वह्या हलवतो.

एक विनंती आहे. इशारा असताना गोदाकाठच्या गौरी पटांगणावर गाडी लावून कोणी पूर पाहायला येऊ नये. वाहते पाणी दोन फूट झाले तरी मोटार तरंगू लागते, आणि दरवर्षी कोणाची तरी गाडी आमच्या डोळ्यांसमोरून जाते. शिवाय धरणातून विसर्ग नसतानाही वाघाडी आणि नंदिनी या शहरातून वाहणाऱ्या छोट्या नद्यांचे पाणी अचानक वाढू शकते, कारण शहरात पडलेला जोरदार पाऊस थेट त्यांच्यात उतरतो. इंदिरानगरच्या मंडळींनी नंदिनीकडे अधिक लक्ष द्यावे असे वाटते.

निफाडचा_बागायतदार

चर्चा पुराकडे झुकली आहे, म्हणून आमच्याकडची बाजू मांडतो. निफाड तालुक्यात आम्हाला पुरापेक्षा वीज आणि गारपीट यांची धास्ती जास्त आहे. या दोन्ही गोष्टी पाच दिवसांच्या अंदाजात अंधुक दिसतात आणि खऱ्या अर्थाने कळतात त्या पुढील तीन तासांसाठी निघणाऱ्या तात्कालिक इशाऱ्यातच. तुमच्या सोसायटीतील प्रसंगही मला याच जातीचा वाटतो. सकाळचा रंग पाहून दिवसभर निर्धास्त राहण्यापेक्षा, दुपारी तीनच्या सुमारास एकदा हा इशारा पाहिला असता तर निदान दुचाकी तरी वर काढता आल्या असत्या.

विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप मी वापरतो. आपल्या आसपास वीज पडत असल्यास ते सूचना देते. फोन जवळ नसेल तर कान पुरे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम सोडून पक्क्या घरात जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. कांदा काढायला आलेल्या बायका पहिला थेंब पडताच बांधावरच्या लिंबाखाली जमायच्या. ती सवय मोडायला मला दोन हंगाम लागले. आता ट्रॅक्टरची ट्रॉली आधीच वस्तीच्या दिशेला तोंड करून उभी असते आणि मुकादम मावशी माझ्या आधी हाक देतात.

द्राक्षबागेत आणखी एक धोका आहे आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मांडवाच्या लोखंडी तारा बागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या असतात, त्यामुळे वीज एका कोपऱ्यात पडली तरी दुसऱ्या कोपऱ्यात तारेला हात लावलेल्या माणसाला धक्का बसू शकतो. जनावरेही झाडाला बांधून ठेवू नयेत. वीज जमिनीत पसरते तेव्हा पुढच्या आणि मागच्या पायांतील अंतरामुळे त्यांच्या शरीरातून प्रवाह जातो, आणि माणसाने पाय जुळवून उकिडवे बसावे असे सांगतात तेही याच कारणाने.

गारपिटीबद्दल काय लिहू? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आमच्या पिढीतला कोणीही विसरणार नाही. तीन तास आधी कळले तरी उभी बाग उचलून नेता येत नाही. काढलेला माल झाकता येतो आणि माणसे व जनावरे आत घेता येतात, एवढेच.

इंदिरानगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. ‘साडेआठची_नोंद’ यांच्या सांगण्यावरून जुन्या नोंदी शोधल्या. आमच्याकडे ऊन होते त्या दोन्ही दिवशी इगतपुरीला शंभर मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला होता. आता गटावर नुसता रंग न पाठवता कोणता भाग, किती वेळ आणि काय करायचे, अशा तीन ओळी स्वतः लिहून पाठवीन. एक शंका राहिली आहे. फोनवर कधीकधी मोठा कर्कश आवाज होऊन इशारा येतो, तो काही सभासदांनी सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाकला आहे. ते योग्य आहे का?

साडेआठची_नोंद

कृपया तो पुन्हा सुरू करायला सांगा. सेल ब्रॉडकास्ट पद्धतीने येणारा हा इशारा विशिष्ट भागातील मोबाइल टॉवरवरून त्या परिसरातल्या सर्व फोनांवर एकदम पोहोचतो. त्यासाठी तुमचा क्रमांक कोणाकडे नोंदलेला असावा लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. फोन सायलेंट असतानाही तो वाजावा, अशीच त्याची रचना आहे, कारण रात्री दोन वाजता गट कोणीच उघडत नाही. आणि मोटर पुन्हा बसवताना ती तळघराच्या जमिनीपासून दोन-तीन फूट उंच ओट्यावर बसवून घ्या.