प्रॅक्टिकलला रीडिंग जुळत नाही, पुण्यात कोणी शिकवतं का? (अर्जंट)

नळस्टॉपची_मैना
एफवायला आहे. माझं रीडिंग कधीच जुळत नाही आणि शेजारच्या मुलीचं दर वेळी जुळतं. पुढच्या आठवड्यात परीक्षा. यूट्यूब बघून झालंय, ते सुचवू नका. कोथरूड-डेक्कनकडे प्रॅक्टिकलचा क्लास आहे का? नाहीतर घरी सराव कसा करू? लवकर सांगा.

पेठकर
कशाचं रीडिंग ते तरी सांगा. गॅसच्या मीटरचं?

नळस्टॉपची_मैना
केमिस्ट्री. रीडिंग म्हटल्यावर टायट्रेशनच ना, एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडून किती लागलं ते मोजायचं.

स्क्रूगेज
व्हर्निअरचंही रीडिंगच असतं ताई. झीरो एरर बघितली का?

नळस्टॉपची_मैना
वर केमिस्ट्री लिहिलंय!!

निवृत्त_रसायन
अगं, टायट्रेशन कोणतं? ब्युरेटमध्ये (तोटीच्या मापाच्या नळीत) काय, इंडिकेटर (रंग बदलून खूण देणारा) कोणता, आकडे किती येतात? आणि ब्युरेट पाण्याने धुतल्यावर भरायच्या द्रावणाने खंगाळतेस का? पिपेटही (ठरावीक माप उचलायची नळी) तिच्या द्रावणाने खंगाळायची. कॉनिकल फ्लास्क मात्र नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने. तो द्रावणाने खंगाळला की आत जास्तीचं द्रावण राहतं आणि रीडिंग वाढतं. नोझलमधली हवा काढतेस? फनेल काढून ठेवतेस?

नळस्टॉपची_मैना
ब्युरेटमध्ये परमँगनेट, फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड. वेगळा इंडिकेटर नाही, परमँगनेटचाच रंग बघायचा. धुण्याचं सगळं बरोबर करते. काल १०.३, १०.२ आणि मग ९.४. सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, जुळलेला आकडा) काय लिहू?

हळदीचा_डाग
घरच्या सरावासाठी हळद! चुन्याच्या निवळीत हळद घाल, लाल होईल. मग ड्रॉपरने लिंबाचा रस थेंब थेंब सोड, पिवळी होईल तिथे थांब. मी मुलाला असंच शिकवलं. ड्रॉपर केमिस्टकडे मिळतो.

पेठकर
मुलगा कितवीत आहे?

हळदीचा_डाग
सहावीत. पण तत्त्व तेच.

मोजूनमापून
तत्त्व तेच कसं? तिचं रेडॉक्स (ऑक्सिडेशन-रिडक्शन) आहे, आम्ल-अल्कली नाही, हळदीचा काय संबंध? सराव पिपेटचा करा. वजनकाट्यावर भांडं ठेवून पिपेटने १० मिली पाणी सोडायचं, १० ग्रॅमच्या अगदी जवळ भरलं पाहिजे. पुन्हा पुन्हा तेच वजन आलं की हात बसला.

स्क्रूगेज
स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमने उड्या मारतो. त्यावर काय कळणार, कप्पाळ? लीस्ट काउंट ०.०१ ग्रॅमचा काटा लागेल.

मोजूनमापून
मिळतो ऑनलाइन, सोनाराच्या काट्यासारखा. फिजिक्सवाल्यांनी खुसपट काढायलाच हवं का?

लॅबवाला
पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून पाडतेस का? बरेच जण फुंकतात. टोक फ्लास्कच्या आतल्या बाजूला टेकवायचं, आत राहील तो राहू द्यायचा.

जुना_एसपीकर
आम्ही तर तोंडाने ओढायचो, काही झालं नाही कोणाला.

निवृत्त_रसायन
झालंय. तोंडाने ओढायचं नाही, रबरी फुगा वापरायचा. मैना, पहिली दोन जुळतात, तिसरंच बिघडतं असं नेहमी होतं का? फ्लास्क गरम कधी करतेस?

नळस्टॉपची_मैना
हो, तिसरंच! आणि तिन्ही एकदम गरम करून ठेवते. बर्नर चार मुलींत एक आहे, पुन्हा नंबर लागत नाही. पण गरमचा काय संबंध?

निवृत्त_रसायन
संबंध तिथेच आहे. द्रावण थंड असलं की ही अभिक्रिया रेंगाळते. तिसऱ्या फ्लास्कची पाळी येईपर्यंत तो निवतो, गुलाबी रंग जायला वेळ लागतो, तुला वाटतं रंग टिकला, एंड पॉइंट (थांबायची खूण) आला. म्हणून रीडिंग कमी. एकेक फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करून लगेच घ्यायचा. उकळवायचा नाही, ऑक्झॅलिक विघटन पावतं. पहिल्या काही थेंबांचा रंग गरम असतानाही हळू जातो, घाबरू नकोस. मँगनीजचे आयन तयार झाले की तेच उत्प्रेरकाचं काम करतात आणि वेग वाढतो. तपकिरी गढूळपणा आला तर सल्फ्युरिक कमी पडलंय किंवा परमँगनेट भसकन सोडलंय. ९.४ धरून सरासरी काढू नकोस, ते रीडिंग पुन्हा घे.

लॅबवाला
आणि परमँगनेटचा रंग गडद, खालचा मेनिस्कस (पातळीचा बाक) दिसतच नाही. वरची कड वाच.

पेठकर
बारावीच्या पुस्तकात खालचाच वाचा असं होतं.

लॅबवाला
ते रंगहीन द्रावणाला. आणि सुरुवातीला वरची वाचली तर शेवटीही वरचीच.

मोहर
ऑक्झॅलिकऐवजी मोहर सॉल्ट घ्या, गरमच करावं लागत नाही.

पेठकर
परीक्षेत आपण निवडतो का?

नळस्टॉपची_मैना
शेजारची मुलगी बर्नरशेजारीच बसते. बरं, सर पण घाईत असतात. अकरावी-बारावी इंटिग्रेटेडला (कॉलेज आणि सीईटीचा क्लास एकत्र) होते, तिथे लॅब बघितली ती फक्त बोर्डाच्या वेळी. जर्नल आयतं मिळालं.

जुना_एसपीकर
हेच! सगळी पिढी अशीच चाललीय. फी लाखांत आणि ब्युरेट कुठल्या बाजूने धरायची ते माहीत नाही.

हळदीचा_डाग
त्यात पोरांचा काय दोष? आईबापच सीईटीपुढे काही बघत नाहीत.

स्क्रूगेज
डेटा सायन्सला जा, ब्युरेटच नाही.

नळस्टॉपची_मैना
व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) विचारतात, सल्फ्युरिकऐवजी एचसीएल का नाही वापरत? काय सांगू?

निवृत्त_रसायन
परमँगनेट क्लोराइडचं क्लोरीन करतं, म्हणून परमँगनेट जास्त लागतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर, तेही नको. आणि उद्या लॅबमध्ये लवकर जा, बर्नर मोकळा असतो.

मोजूनमापून
क्लासचं कोणी सांगितलंच नाही. टिळक रोडला एक आहे, पण तिथे नुसते फॉर्म्युले लिहून देतात.

प्रथमेश_वारजे
याच धाग्यात विचारतो, अप्पा बळवंत चौकात फुल बाह्यांचा ॲप्रन मिळेल का? लांबी जास्त हवी.