लाकडी खिडकी फुगलीय, बिल्डिंग पडायला टेकलीय. हा पावसाळा कसा काढू?

नौपाडाकर
नौपाड्यात दुसरा मजला. बिल्डिंग १९७४ ची, खिडक्याही तेव्हाच्याच, लाकडी, बाहेर उघडणाऱ्या. रिडेव्हलपमेंटची बोलणी चार वर्षं चालू आहेत, त्यामुळे नवीन खिडकीत पैसे घालायला कुणीच तयार नाही, घरातलेसुद्धा. पश्चिमेच्या खिडकीचं उजवं दार जून लागला की हट्टाला पेटतं. खालचा कोपरा चौकटीत बसत नाही आणि कडी कोयंड्यापासून बोटभर लांब राहते. सध्या सुतळीने गजाला बांधलंय, फटीत जुना टॉवेल कोंबलाय. टॉवेल पोटभर पाणी पितो आणि मग थेंब थेंब आईच्या पलंगावर सोडतो. सुतार म्हणतो, रंधा मारतो, दहा मिनिटांचं काम. मारू देऊ?

रंधेवाला
आत्ता नको! लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. जुलैत तासलंत तर जानेवारीत त्याच जागी फट दिसेल.
आणि मला तर फुगण्यापेक्षा लोंबण्याचा संशय येतोय. दार अर्धं उघडा, कडीकडच्या बाजूने खालून उचलून बघा. खटखट हललं तर वरची बिजागरी सैल आहे. भोकं मोठी झालेली असतात, स्क्रू कितीही पिळा, नुसता फिरतो. एकेक स्क्रू काढा, भोकात गूल तोडलेल्या दोन-तीन आगकाड्या फेव्हिकॉल लावून ठोका, वर आलेलं ब्लेडने कापा, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू आवळा. हे करताना सुतळी सोडू नका, दार खाली रस्त्यावर जाईल.
तरीही घासलं तर चौकटीला खडू फासून दार ओढा. दारावर खडू उठेल तिथेच अडतंय. तिथे मेणबत्ती घासा. साबण लावतात लोक, पण तो पावसात विरघळतो.

नेरूळची मावशी
अहो, आधी आईंचा पलंग सरकवा!
आणि टॉवेल ठेवायचाच तर त्याचं एक टोक लांब सोडून बादलीत टाका. पाणी त्या वाटेने उतरतं. मी दोन पावसाळे असेच काढलेत.

पामबीच_वारा
थोडं विषयांतर, माझी अ‍ॅल्युमिनियमची सरकती आहे. रुळात पाणी साचून आत यायचं. मी हुशारी केली, रुळाच्या बाहेरच्या अंगाला बारीक भोकं दिसली ती सिलिकॉनने बुजवली. पुढच्या सरीला हॉलमध्ये तळं. पाणी बाहेर जायची वाटच ती होती. सिलिकॉन कोरून काढलं, खराट्याच्या काडीने माती काढली, आता ठीक. कुणी बुजवू नका.

रंधेवाला
@पामबीच_वारा, हे मी दर वर्षी बघतो 😄
नौपाडाकर, दार बसलं आणि बारीक फट उरली तर सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून पट्टी चौकटीच्या खाचेत चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोका. पातळच ठेवा, नाहीतर पुन्हा कडी लागायची नाही. खिडकी खिळ्यांनी कायमची बंद मात्र करू नका.

नौपाडाकर
वरच्या बिजागरीचे तीन स्क्रू बोटांनी फिरत होते! पन्नास वर्षांच्या लाकडाने आगकाड्या मात्र गपागप गिळल्या, एका भोकाला पाच लागल्या. गजांतून हात घालून काम केल्याने कोपर सोलवटलं. काल रात्री जोराची सर आली, कडी लागली, फक्त दार जरा उचलून ओढावं लागतं. ट्यूब रविवारी जांभळी नाक्याला गेलो की बघतो.
आईला पलंग परत खिडकीशी हवाय.