एडिट लॉगची साखळी अखंड आहे, एवढ्यावर लेखापरीक्षकाने सही करावी का?

जमाखर्च:
कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे प्रत्येक फेरफाराची आपोआप होणारी नोंद, १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा झाला. तरीही काही लेखापरीक्षक क्लायंटकडे डेटाबेसच्या पुराव्यांचा तगादा का लावतात, हे अनाकलनीय आहे. आम्ही बनवतो त्या सॉफ्टवेअरमध्ये लॉग बंद करण्याची सोयच नाही. शिवाय प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून सूत्राने काढलेला अंक-अक्षरांचा ठसा, गुंफलेला असल्यामुळे मधली एक नोंद बदलली, तरी पुढची सारी साखळी तुटते. सेटिंगचा स्क्रीनशॉट आणि साखळी अखंड असल्याचा अहवाल फायलीला लावला, की लेखापरीक्षकाला या लॉगबद्दल अहवाल द्यायला लावणाऱ्या नियम ११(जी) पुरता विषय संपला.

खतावणी:
विषय संपलेला नाही, आणि असे बेधडक विधान सॉफ्टवेअर विकणाऱ्याने करावे याची चीड येते, म्हणून सविस्तर लिहितो. साखळी अखंड असल्याची ग्वाही तुमचेच सॉफ्टवेअर देते, हे तूर्त बाजूला ठेवू. हॅशचे सूत्र गुप्त नसते. ज्याच्या हाती अॅडमिन पासवर्ड आहे, तो एक नोंद बदलून थांबत नाही. तिथून शेवटपर्यंतचे सगळे हॅश तो पुन्हा काढतो, आणि काही लाख नोंदींचे हे काम साध्या संगणकावरही चहा येईपर्यंत उरकते. त्यानंतर तुमचा अहवाल निर्दोषच येणार, कारण साखळी खरोखर अखंड असते. फक्त ती मूळची नसते.

एका क्लायंटकडे तर एवढेही कष्ट कोणी घेतले नव्हते. मार्चअखेरीनंतर सर्व्हर ‘बिघडला’, जुना बॅकअप रिस्टोर झाला आणि मधल्या दिवसांची व्हाउचरे नव्याने घातली गेली. लॉगमध्ये एकही फेरफार दिसत नव्हता, कारण सगळ्या नोंदी ‘नवीन’ होत्या. बिंग फुटले ते बँकेला दरमहा जाणाऱ्या येणेकऱ्यांच्या यादीमुळे. यादीत एका बिलाच्या क्रमांकासमोर एक पार्टी होती आणि पुस्तकात त्याच क्रमांकावर भलतीच. म्हणजे चोरी पकडली ती कंपनीच्या आवाक्याबाहेर गेलेल्या कागदाने.

लॉगच्या शेवटच्या नोंदीचा हॅशही असाच ठरलेल्या दिवशी बाहेर गेला पाहिजे. हेबर आणि स्टॉर्नेटा यांनी दस्तऐवजांवर डिजिटल कालमुद्रा उमटवण्याची पद्धत १९९१ साली मांडली. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्याचा हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापला, तो याचसाठी: घरोघरी गेलेला अंक परत कोण बोलावणार?

मुदतवाढ:
वृत्तपत्रात हॅश छापणारे क्लायंट आपल्याला लाभोत. माझ्याकडे तालुक्याच्या गावातल्या खासगी मर्यादित कंपन्या आहेत. त्यांची उलाढाल कितीही किरकोळ असली तरी या नियमातून सूट नाही, आणि फी वाढवा म्हटले की ते दुसरा सीए गाठतात. २०२३-२४ च्या अहवालांत मोठमोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांनीही लिहिले, की डेटाबेसमध्ये थेट केलेल्या बदलांसाठी ऑडिट ट्रेल, म्हणजे हाच एडिट लॉग, चालू नव्हता. त्यांचे काय बिघडले? तेच मी लिहिले, तर क्लायंट आधी माझ्या पात्रतेवरच शंका घेतो.

खतावणी:
वृत्तपत्राची गरज नाही. दर महिन्याला लेखापरीक्षकाच्या ईमेलवर ६४ अक्षरांची एक ओळ आली तरी पुरे. फीचे रडगाणे वेगळ्या ठिकाणी गावे.

कळफलक:
६४ अक्षरे म्हणजे तुम्ही हॅश काढण्याची एसएचए-२५६ ही पद्धत गृहीत धरली आहे. कायदा मात्र तेवढा आग्रही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली संगणकीय पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात एसएचए-१ आणि एमडी-५ या पद्धतींचेही रकाने आहेत. एमडी-५ ची टक्कर, म्हणजे एकाच हॅशचे दोन मजकूर, २००४ साली दाखवली गेली. एसएचए-१ ची २०१७ साली, तीही चक्क दोन पीडीएफ बनवून.

जमाखर्च:
अर्धवट माहितीवर घबराट पसरवू नका. टक्कर घडवणे वेगळे, आणि आधीच नोंदवलेल्या हॅशशी जुळणारी दुसरी फाइल बनवणे वेगळे. हे दुसरे काम एमडी-५ च्या बाबतीतही व्यवहारात कोणी करून दाखवलेले नाही.

कळफलक:
हा युक्तिवाद मूळ फाइल बनवणारा प्रामाणिक असेल तरच टिकतो. येथे फाइल कंपनीच बनवते. ती दोन्ही मजकूर आधीच तयार ठेवू शकते, एकाचा हॅश आज देऊ शकते आणि वाद उभा राहिला की दुसरा काढू शकते. ‘अर्धवट’ हा शब्द आपल्यासाठी राखून ठेवावा.

मुदतवाढ:
आपण टकरींवर भांडत बसा. धनादेश न वटल्याच्या एका प्रकरणात माझ्या क्लायंटला हेच प्रमाणपत्र द्यावे लागले. भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो. गावात तज्ज्ञ कोठून आणणार? अखेर संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाने सही केली आणि खूण एमडी-५ वर केली, कारण ३२ अक्षरे हाताने लिहिणे त्याला सोपे वाटले.

जमाखर्च:
ठीक आहे. सगळ्या कंपन्या चोर आहेत असे धरून चालायचे असेल, तर महिनाअखेरीचा एसएचए-२५६ हॅश लेखापरीक्षकाला थेट ईमेलने पाठवण्याची सोय पुढच्या आवृत्तीत करतो. परंतु हिशेबाची पुस्तके ८ वर्षे जपायची असतात. तेवढी वर्षे ते ईमेल आपण सांभाळाल ना? आणि पहिल्याच दिवशी खोटे व्हाउचर घातले गेले, तर आपला हॅश त्याचेही इमानाने रक्षण करील, हेही क्लायंटला सांगा.

खतावणी:
सांगतोच, खोटे व्हाउचर पकडणे हे लेखापरीक्षेचे काम आहे, हॅशचे नव्हे. ईमेल सांभाळीन. मात्र केवळ ईमेल पाठवून भागणार नाही. संपूर्ण लॉगची निर्यात आणि हॅश कोणकोणत्या रकान्यांवरून, कोणत्या क्रमाने काढता याचे लेखी वर्णन द्या, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरला न विचारता तो हॅश मला स्वतः काढून जुन्या ईमेलशी ताडता येईल. हे देण्याची तयारी नसेल, तर अहवालात तसे स्पष्ट लिहीन.

जमाखर्च:
निर्यात देतो. सूत्राचे वर्णन द्यायचे की नाही, ते वरिष्ठांना विचारावे लागेल.

कळफलक:
का? हॅशचे सूत्र गुप्त नसते, यावर तर आपणही आक्षेप घेतला नव्हता.

मुदतवाढ:
आणि ही ताडणी करणाऱ्या आर्टिकलचा, म्हणजे शिकाऊ सीएचा, दिवस कोणाच्या बिलात लावायचा, तेही वरिष्ठांना विचारून कळवा.